रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत जेनेरिक (कुठल्याही टाइपसाठी लिहिलेल्या) फंक्शनला + किंवा > लावलं की एरर का येतो, आणि काय करायचं

तुम्ही लिस्टमधला सगळ्यात मोठा आकडा काढायचं फंक्शन लिहिलंय, आय३२ (पूर्णांकांचा टाइप) साठी मस्त चालतंय, मग टाइपच्या जागी टी (कुठलाही टाइप) टाकला आणि लगेच ई०३६९ हा एरर आला, म्हणजे > हे ऑपरेशन टी वर चालत नाही. लॉजिक चुकलेलं नसतं हो! सी++ चं टेम्प्लेट खरा टाइप मिळाल्यावर तपासलं जातं, रस्ट मात्र फंक्शन लिहिलं तिथेच विचारतं की टी ची तुलना होते हे कशावरून, आणि मला हेच जास्त आवडतं कारण चूक लिहिणाऱ्यालाच दिसते, वापरणाऱ्याला नाही.

मग टी ला पार्शलऑर्ड बाउंड द्या, म्हणजे टी ची तुलना करता आली पाहिजे अशी अट. ऑर्ड (कुठल्याही दोन व्हॅल्यूंची तुलना झालीच पाहिजे अशी अट) नको, कारण एफ६४ (दशांश आकड्यांचा टाइप) मध्ये नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ अशी व्हॅल्यू असते, त्याची कशाशीच तुलना होत नाही, म्हणून एफ६४ ला ऑर्ड नाहीच.

आता ई०५०८ येईल, स्लाइसमधून (फंक्शनला दिलेल्या लिस्टमधून) व्हॅल्यू मूव्ह होत नाही, म्हणजे उचलून बाहेर काढता येत नाही म्हणून. बरेच जण इथे कॉपी बाउंड (व्हॅल्यूची आपोआप प्रत होते अशी अट) टाकतात, पण मग स्ट्रिंग चालत नाही, त्यापेक्षा पहिल्या एलिमेंटचा रेफरन्स (व्हॅल्यू न हलवता तिचा नुसता पत्ता) धरा आणि रेफरन्सच परत द्या, दोन रेफरन्सची तुलना आतल्या व्हॅल्यूचीच होते.

बेरजेत खरी गोची आहे. नुसता अ‍ॅड बाउंड (बेरीज करता येते अशी अट) दिला की ई०३०८ येतो, टी हवा होता पण अ‍ॅडचा आउटपुट मिळाला, कारण टी अधिक टी चं उत्तर टी च असेल असं कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून अ‍ॅडच्या कोनी कंसात आउटपुट = टी लिहायचं.