घराचा विमा काढताना जमिनीचा भाव धरू नये
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरातील अनेक घरांत पाणी शिरले होते. पूर, वादळ, वीज व भूकंप यांपासून संरक्षण देणारी, १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घेताना विम्याची रक्कम जमिनीच्या बाजारभावावरून नव्हे, तर चटईक्षेत्र (घरातील प्रत्यक्ष वापरायोग्य क्षेत्रफळ) गुणिले आजचा बांधकामाचा दर अशी काढावी. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, घरातील सामानासाठी आपोआप धरले जातात. दागिन्यांसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते. भाडेकरूलाही केवळ सामानाचा विमा काढता येतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. घरात पाणी शिरलेच, तर चिखल उपसण्यापूर्वी छायाचित्रे काढून कंपनीला तत्काळ कळवावे.