स्वर्ल मार्क घरी काढताना या चुका टाळा

सावलीत उभी असलेली गाडी स्वच्छ, चकचकीत दिसते. तीच गाडी उन्हात आणली किंवा तिच्यावर टॉर्च मारला, की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. हेच स्वर्ल मार्क. ते गोलाकार वाटतात, पण प्रत्यक्षात बहुतेक ओरखडे वाटेल त्या दिशेचे आणि जवळजवळ सरळ असतात. त्यांपैकी जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. टॉर्च हलवून पाहा, जाळंही त्याच्याबरोबर सरकेल. त्यामुळे ‘मी गाडी गोल गोल पुसत नाही, सरळच पुसतो’ एवढ्याने हे ओरखडे टळत नाहीत. फडक्यात अडकलेला धुळीचा कण सरळ रेषेतही तेवढाच चरा पाडतो.

हे ओरखडे घरी काढता येतात, आणि नीट केलं तर निकालही उत्तम मिळतो. पण आधी एक गोष्ट मनात पक्की हवी. पॉलिशने ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळाच्या पातळीला आणला जातो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो, आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपलं सगळं काम केसाहून पातळ थरात चालतं. हाच थर खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो, आणि घासून गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीचा विसर पडल्याने होतात.

धुतलेल्या गाडीला स्वच्छ गाडी समजणं

पॉलिशिंगच्या आधीची तयारी कंटाळवाणी असते, म्हणून तीच सर्वांत जास्त टाळली जाते. शाम्पूने नीट धुतल्यावरही रंगात रुतलेले कण राहतात: ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी, डांबराचे ठिपके, झाडांचा चिकट रस. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून हलकेच बोटं फिरवा. खरखर जाणवली तर आधी आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण) आणि मग क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) वापरायला हवा. हे कण पॉलिशिंग यंत्राच्या पॅडखाली आले तर एकीकडे ओरखडे निघतात आणि दुसरीकडे नवे पडत जातात. क्ले कधीही कोरडा फिरवू नका, भरपूर वंगण ठेवा. जमिनीवर पडलेला तुकडा कितीही जपून पुसला तरी पुन्हा वापरू नये. क्लेने स्वतःचे हलके ओरखडे पडले तर घाबरायचं कारण नाही, पुढच्या पॉलिशमध्ये ते निघतात.

सुरुवातच कडक कंपाउंडने करणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. बाटलीवर ‘हेवी कट’ लिहिलेलं कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं खरखरीत पॉलिश, त्याला जोडून कापणारं पॅड, आणि थेट बोनेटच्या मधोमध सुरुवात. ओरखडे जातात, पण त्यांच्यासोबत गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्लिअर कोट जातो, शिवाय मागे धूसर छटा राहते. ती काढायला पुन्हा घासावं लागतं.

याला उपाय आहे टेस्ट स्पॉटचा. एखाद्या सपाट भागावर टेपने हातभर लांबी-रुंदीचा चौकोन आखा. त्यात सर्वांत सौम्य जोडी, म्हणजे मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, वापरून पाहा. पुसून टॉर्चखाली तपासा. ओरखडे बरेचसे गेले असतील तर तेवढ्यावर थांबा, पूर्ण गाडीला तेच वापरा. नसतील गेले तर आधी फक्त पॅड बदला, पॉलिश तेच ठेवा. पॅड बदलल्याने किती फरक पडतो हे पाहून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. तरीही पुरेसं नसेल तरच कंपाउंडकडे वळा. प्रत्येक गाडीचा क्लिअर कोट वेगळा असतो, कुठे इतका मऊ की फडक्यानेही चरे पडावेत, कुठे इतका कडक की सौम्य पॉलिशचा परिणामच दिसू नये. दुसऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी तुमच्या गाडीवर चालेलच असं धरून चालू नका. पॅडच्या रंगावरही विसंबू नका. एका कंपनीचं केशरी पॅड दुसऱ्या कंपनीच्या केशरी पॅडइतकंच कापेल असा काही नियम नाही.

आणि ओरखड्यावरून नख फिरवल्यावर ते अडकत असेल, तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण काढण्याचा नाद सोडा. त्याच्या कडा थोड्या गुळगुळीत झाल्या तरी तो डोळ्यांत कमी भरतो. तेवढं पुरे.

यंत्र आणि हात

नवशिक्याने रोटरी पॉलिशर हातात घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. ते एकाच अक्षाभोवती फिरतं, एका जागी उष्णता साठवतं, आणि क्षणभर रेंगाळलं तरी रंग जाळू शकतं. त्याच्या चुकीच्या वापराने उन्हात लाटांसारखे हलणारे पट्टे दिसतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए पॉलिशर, फिरता फिरता डोलतोही, त्यामुळे तो बराच सुरक्षित आहे. पॅड वाकडं टेकलं किंवा दाब जास्त झाला तर त्याचं फिरणं मंदावतं आणि नुसतं थरथरणं उरतं. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीला चिकटतं तिच्या, कडेला मार्करने एक उभी रेघ ओढून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर दाब कमी करा, पॅड सपाट टेकवा.

एका वेळी फार मोठा भाग घेणं ही दुसरी चूक. ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन पुरेसा आहे. पॅडवर चार छोटे थेंब घ्या, यंत्र बंद असतानाच ते भागावर टिपून पसरवा आणि मग चालू करा, नाहीतर पॉलिश भिंतीवर उडेल. आधी आडवे, मग उभे हात, प्रत्येक हात आधीच्या हाताला निम्मा झाकणारा. हाताचा वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. करताना हा वेग असह्य संथ वाटतो. हात भराभर फिरवला तर यंत्राला कापायला वेळच मिळत नाही, आणि मग ‘पॉलिश चालत नाही’ म्हणून माणूस दाब वाढवतो किंवा कडक कंपाउंड घेतो.

पॅड साफ न करणं ही त्याहून लपलेली चूक. प्रत्येक चौकोनानंतर पॅडमध्ये सुकलेलं पॉलिश आणि घासलेला क्लिअर कोट साचतो. ब्रशने ते झटका. पूर्ण गाडीला एकच पॅड पुरत नाही. ओलसर, तापलेलं पॅड बाजूला ठेवून दुसरं घ्यायला जवळ काही जादा असू द्या.

जिथे पॅड नेऊच नये

दाराच्या कडा, बोनेटच्या उठावदार रेघा, चाकांवरच्या कमानी: अशा कडांवर रंग पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे एकवटतो. तिथे मास्किंग टेप लावा, शेवटी हाताने हलकेच पॉलिश करा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्याही झाका, त्यांवर बसलेली पांढरी पावडर काढणं जिकिरीचं असतं. प्लास्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून तिथे वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवा. मॅट रंगाला पॉलिश लावूच नका, घासलेला भाग कायमचा चमकू लागतो. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर) असेल तर पॉलिशने ते निघून जातं, हे धरूनच काम हाती घ्या.

जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर जरूर वापरा, पण साधं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं. त्यात क्लिअर कोट किती उरला हे कळत नाही. एखादं दार शेजारच्या दारापेक्षा खूप जाड दाखवत असेल तर ते पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी वेगळा टेस्ट स्पॉट घ्यावा लागतो.

काम बिघडलं तर कुठे पाहायचं

पॉलिश लगेच सुकून पावडर उडते: पत्रा तापलेला आहे किंवा पॅड भरलेलं आहे. उन्हात काम करू नका, हात ठेवून पत्रा गार लागला पाहिजे.

पुसताना चिकट डाग राहतात: पॉलिश जास्त झालंय, किंवा ते पुरेसं फिरवलं गेलेलं नाही.

ओरखडे गेले पण गडद रंगावर धुकं दिसतं: ही कंपाउंडची किंवा कापणाऱ्या पॅडची छटा. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचा एक हलका हात द्या. तरी राहिलं तर पुसायचं फडकं तपासा. मऊ क्लिअर कोटवर खरखरीत मायक्रोफायबरही रेघा सोडतं.

पॅडवर गाडीचाच रंग उतरतोय: काही जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो, तिथे हे साहजिक आहे. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर असं झालं तर त्या क्षणी थांबा. खालचा रंग उघडा पडला आहे, आणि तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून मार्ग नाही.

काल गुळगुळीत दिसलं, पहिल्या धुण्यात ओरखडे परतले: ते गेलेच नव्हते. अनेक पॉलिशमधली तेलं ओरखड्यांत बसून त्यांना लपवतात. म्हणून टेस्ट स्पॉट आणि नंतर प्रत्येक भाग तपासताना आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाण्यातलं साधारण १५ टक्क्यांचं मिश्रण फवारून पुसा आणि मगच टॉर्च मारा. वॅक्स किंवा सीलंटचा संरक्षक थर लावायचा तो यानंतर.

पुढचं पहिलं धुणं

ओरखडे मुळात धुताना आणि पुसताना पडलेले असतात, त्यामुळे सवय तीच राहिली तर काही आठवड्यांत जाळं परत येतं आणि पुन्हा क्लिअर कोट घासायची वेळ येते. कोरडी धूळ फडक्याने झटकणं पूर्ण बंद करा. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित वॉशमध्ये गाडी नेऊ नका. आधी नुसत्या पाण्याच्या जोराने धूळ सैल करून वाहू द्या, मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली या, चाकांसाठी वेगळं कापड ठेवा. सुकवताना मोठा मऊ टॉवेल पसरून टिपा, ओढू नका. आणि टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाजूला, दुसरा घ्या.