मधुमेहींनी मूत्रपिंडतज्ज्ञांकडे कधी जावे?

मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ लागली तरी बराच काळ काहीच दुखत नाही, म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. टाइप 2 मधुमेहाचे निदान होताच, आणि टाइप 1 मध्ये 5 वर्षांनंतर, दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळते याचे माप) आणि रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज) तपासून घ्यावा. ईजीएफआर 30 च्या खाली गेला, तो झपाट्याने घसरू लागला किंवा अल्ब्युमिनचे गुणोत्तर सतत 300 मिग्रॅ/ग्रॅमच्या वर राहिले, तर मूत्रपिंडतज्ज्ञांची भेट लांबणीवर टाकू नये.

पहिल्या भेटीला जुने सर्व अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत, कारण एका आकड्यापेक्षा घसरणीचा वेग अधिक सांगून जातो. वेदनाशामक गोळ्यांसह चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवावी. मूत्रपिंडांचे काम मंदावले की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते. त्यामुळे साखर अचानक उतरू लागली तर मधुमेह बरा होत आहे असे समजू नये, डोस तपासून घ्यावा.

डायलिसिस अटळ दिसत असेल तर हातातील फिस्च्युलाची, म्हणजे शीर धमनीला जोडण्याची, शस्त्रक्रिया काही महिने आधी व्हावी लागते, कारण ती शीर सुई टोचण्याइतकी जाड होण्यास साधारण 2 ते 3 महिने जातात. फिस्च्युला सहसा ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हातात करतात, म्हणून तोवर त्या हातातून रक्त काढू देऊ नये. हे परिचारिकेला प्रत्येक वेळी निःसंकोचपणे सांगावे. पोटातून करायचे डायलिसिस आणि डायलिसिसपूर्वीच होऊ शकणारे प्रत्यारोपण यांविषयीही याच काळात विचारावे.