वनस्पतीजन्य फीड अ‍ॅडिटिव्हची चाचणी: पिल्लं नव्हे, कप्पे मोजा

ब्रॉयलरच्या खाद्यात वनस्पतीजन्य अ‍ॅडिटिव्ह मिसळून वाढ आणि आतड्याचं आरोग्य तपासायचं, असा संशोधनाचा विषय नुकताच घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविकं खाद्यातून का हटवली, ओरेगॅनोत कार्व्हॅक्रॉल, ओव्यात थायमॉल आणि दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड असतं, हे तुम्ही वाचलेलंच असणार. त्यामुळे माझं काम जिथे अडकलं, तिथेच थेट येतो.

समजा ३०० पिल्लं आहेत. तीन आहार, शेडमध्ये जाळीने वेगळे केलेले तीन मोठे कप्पे, प्रत्येकात १०० पिल्लं. शेवटी एकेक पक्षी तोलायचा आणि गटात १०० निरीक्षणं आहेत असं लिहून मोकळं व्हायचं. कृपा करून असं करू नका. खाद्य आपण पिल्लाला देत नाही, कप्प्याला देतो. त्या १०० पिल्लांचा फीडर एक, पाणी एक, लिटर (जमिनीवर अंथरलेला भुशा-तुसाचा थर) एक. पाण्याच्या नळीचा एखादा निपल गळला की लिटर ओलं होतं, अमोनिया वाढतो, कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीला पोषक ओल मिळते आणि अख्ख्या कप्प्याचं वजन घसरतं. ती घसरण आहाराची की गळक्या निपलची, हे सांगायला तुमच्याकडे दुसरा कप्पाच नसतो. सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आलं म्हणून आपण खूश होतो, आणि परीक्षक पहिल्याच वाचनात विचारतो की तुमचं प्रायोगिक एकक, म्हणजे ज्याला स्वतंत्रपणे आहार दिला ते, कोणतं? त्या प्रश्नापाशी महिन्यांची मेहनत थांबते. माझी थांबली होती.

हेच काम २८८ पिल्लांवर करा. १२-१२ पिल्लांचे २४ कप्पे, प्रत्येक आहाराला ८. विश्लेषणात त्रुटीच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्र माहितीची मोजणी; इथे २४ कप्पे वजा ३ आहार) २१ येतील. पक्षी मोजले असते तर २८५ आल्या असत्या. २१ हा आकडा लहान वाटतो, पण खरा आहे. पंख्याजवळचे आणि दाराजवळचे कप्पे वेगवेगळे ब्लॉक, म्हणजे सारख्या परिस्थितीतल्या कप्प्यांचे गट, धरा आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे आहार चिठ्ठ्या टाकून वाटा (मग त्या २१ थोड्या कमी होतील). एफसीआर (खाल्लेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन) तर कप्प्याचाच आकडा आहे. मेलेला पक्षीही तोलून त्याचं वजन हिशोबात धरा, नाहीतर मरतूक जास्त असलेला कप्पा विनाकारण वाईट दिसतो.

कप्पे कमी असतील तर घाबरू नका. तीन मात्रांऐवजी एकच मात्रा आणि कंट्रोल (काहीही न मिसळलेला आहार) ठेवा, किंवा तीच चाचणी पुढच्या बॅचेसमध्ये कप्पे बदलून परत घ्या आणि बॅच हा ब्लॉक माना. लहान पण नीट बांधलेली चाचणी तरून जाते.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे. शेडमध्ये स्वतः येऊन लिटर हातात घेणारा गाईड निवडा, भले त्याचे शोधनिबंध कमी असोत. ‘पिल्लं वाढव, आकडेवारी सांभाळून घेऊ’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

दहा वनस्पतींचं तयार मिश्रण वापरायचा मोहही टाळा. परिणाम दिसला तरी तो कशामुळे दिसला, हे सांगता येणार नाही. एक वनस्पती घ्या आणि तिच्यातला सक्रिय घटक प्रत्येक लॉटमध्ये तपासून घ्या, कारण हंगाम, जमीन आणि झाडाचा भाग बदलला की त्याचं प्रमाणही बदलतं. सुगंधी तेलं उडून जातात. खाद्य दाबून पेलेट (गोळ्या) करताना वाफेच्या उष्णतेत त्यांचा काही भाग जातोच, म्हणून तयार खाद्याचाही नमुना तपासा. १ टक्का पावडर मिसळणार असाल तर कंट्रोलमध्ये तेवढाच निष्क्रिय भराव घाला, नाहीतर तुम्ही ऊर्जेतला फरक मोजत बसाल. प्रीमिक्सच्या (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणाच्या) लेबलवर आधीच एखादं प्रतिजैविक नाही ना, हेही वाचा.

फरकच दिसला नाही, तर लगेच विषय सोडू नका. स्वच्छ शेड, नवं लिटर, निरोगी पिल्लं असतील तर अ‍ॅडिटिव्हला सुधारायला फारसं काही उरत नाही. म्हणूनच अनेक जण मुद्दाम जुनं लिटर वापरतात किंवा कॉक्सिडियाचं आव्हान देतात, म्हणजे मुद्दाम संसर्ग घडवतात. त्यासाठी नैतिक समितीची परवानगी आधी घ्या.

आतड्याच्या आतल्या रसांकुरांची (बोटांसारख्या उंचवट्यांची) उंची आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या क्रिप्टची (खळग्याची) खोली मोजणार असाल तर नमुन्याची जागा पक्की ठरवा. मेकेलचा अवशेष (लहान आतड्यावर उरलेला बलकाच्या पिशवीच्या नळीचा छोटा उंचवटा) ही सोपी खूण आहे. पक्षी मारल्यावर काही मिनिटांतच रसांकुरांची टोकं झडू लागतात, म्हणून कापणारा एक आणि तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाकणारा दुसरा असू द्या. बाटलीवर फक्त कप्प्याचा क्रमांक लिहा. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्याला आहार कळता कामा नये. आणि एका कप्प्यातून दोन पक्षी घेतले असतील, तर त्यांची सरासरी काढून एकच आकडा विश्लेषणात टाका.