दुकान सांभाळून सर्व्हर आणि छंदाचा गेम कसा चालू ठेवावा

परभणी जिल्ह्यात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मृग लागला की पुढचे दोन महिने सकाळी सातला शटर वर जातं, ते रात्री नऊलाच खाली येतं. तरीही मी लिहिलेला अष्टाचंग्याचा, म्हणजे कवड्या टाकून सोंगट्या चालवायच्या खेळाचा, ऑनलाइन गेम तीन वर्षांपासून चालू आहे. गावातली पोरं, पुण्याला शिकायला गेलेले भाचे, चाकणला कंपनीत लागलेले मित्र रोज एकमेकांच्या सोंगट्या मारतात. तुमच्याही डोक्यात असं काही असेल आणि वेळ नाही म्हणून अडलं असेल, तर मला जमलेली पद्धत सांगतो.

आधी तास मोजा, मग गेम निवडा

एक आठवडा वहीत लिहा की खरोखर मोकळा वेळ कधी मिळाला. माझे निघाले मंगळवार-गुरुवार रात्री अर्धा-अर्धा तास आणि रविवारी सकाळी दोन तास. म्हणजे आठवड्याला तीन. यातला सर्व्हरला, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या सतत चालू संगणकाला, महिन्याला एक तास, बाकी सगळे गेमला. हे ठरवलं नाही तर सर्व्हरच्या सेटिंगशी झटापट करण्यातच रविवार जातात आणि गेम तसाच राहतो.

गेमही या तीन तासांत बसणारा हवा. मी चाली आळीपाळीच्या ठेवल्या. एकानं दान टाकायचं, दुसऱ्यानं २४ तासांत उत्तर द्यायचं. दहा मिनिटं सर्व्हर बंद पडला तरी कोणाचं अडत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी पळायचं-मारायचं असा गेम केला असता, तर ऐन पेरणीत गिऱ्हाईक सोडून मला सर्व्हरपाशी बसावं लागलं असतं.

सर्व्हर कुठे ठेवायचा

जुना लॅपटॉप घरीच चालू ठेवावा असं आधी सगळ्यांना वाटतं. त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, हे खरंच. पण लाईट गेली की राउटरही जातो, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर राहतो, आणि अनेक इंटरनेट कंपन्या घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तुमच्या लॅपटॉपपर्यंत थेट पोचताच येत नाही. म्हणून गेम भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ठेवा. आळीपाळीच्या गेमला १ जीबी रॅम पुरते. घरचा लॅपटॉप बॅकअपसाठी वापरा. तो कसा, ते पुढे सांगतो.

सर्व्हरला स्वतःचं स्वतः करू द्या

सर्व्हरवर उबुंटू या लिनक्स प्रणालीची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट्स मिळणारी, आवृत्ती घ्या. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं तिला सुरक्षेची अपडेट्स मिळतात, २०२४ च्या एप्रिलमधल्या २४.०४ ला २०२९ पर्यंत मिळतील. 'अनअटेंडेड अपग्रेड्स' ही सोय सुरक्षेची अपडेट्स आपोआप घालते, पण नंतर लागणारा रीबूट ती आपणहून करत नाही. तो पर्याय हातानं चालू करून पहाटे चारची वेळ द्या. इथे एक चूक हमखास होते. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. पहाटे चारसाठी तिथे २२:३० लिहावं लागतं. नाहीतर सरळ घड्याळच आशिया-कोलकाता या भारतीय वेळेवर करा, मी तेच केलंय.

रीबूटनंतर गेम आपोआप उभा राहिला पाहिजे. त्यासाठी सिस्टीमडीमध्ये (उबुंटूत प्रोग्राम सुरू-बंद करणारी यंत्रणा) त्याची सर्व्हिस बनवून 'एनेबल' करा आणि 'रीस्टार्ट'ला 'ऑलवेज' द्या. मग एकदा मुद्दाम रीबूट करून पाहा. लॉगला, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीला, २०० एमबीची मर्यादा घाला, नाहीतर एक दिवस डिस्क भरून सगळं थांबतं. लांबून सर्व्हरमध्ये शिरायला एसएसएच की (पासवर्डऐवजी किल्लीसारखी फाइल) वापरा, पासवर्डनं लॉगिन बंद करा.

बॅकअप, आणि तो परत लावून पाहणं

यावर सगळ्यात जास्त जपून काम करा. पहिल्या वर्षी माझी, गेमच्या चाली साठवणारी एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल रोज रात्री कॉपी व्हायची आणि मी निर्धास्त होतो. एका रविवारी झोपेत चुकीची आज्ञा दिली आणि चालींचं टेबल पुसलं गेलं. कॉपी परत लावली, तर दोन दिवसांच्या चाली गायब. डेटाबेस 'वॉल' पद्धतीनं चालत होता. त्या पद्धतीत ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये राहतात, आणि मी फक्त मुख्य फाइल उचलत होतो. भाची जिंकत आलेला डाव गेला म्हणून आठवडाभर बोलली नाही. तेव्हापासून फाइल कॉपी करत नाही. एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' आज्ञाच वापरतो.

हा बॅकअप घरच्या लॅपटॉपनं ओढून आणायचा. ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सिस्टीमडीच्या टायमरला 'पर्सिस्टंट' लावलं की लॅपटॉप बंद असल्यामुळे वेळ हुकली तरी तो पुन्हा सुरू झाल्याबरोबर काम होतं. आमच्याकडे याशिवाय भागत नाही.

लॅपटॉपच आणलेला बॅकअप उघडून तपासतो, गेमचं पान उघडतंय का बघतो, पानाच्या सुरक्षित जोडणीला लागणाऱ्या सर्टिफिकेटचे किती दिवस उरलेत ते मोजतो आणि टेलिग्रामवर मला एकच ओळ पाठवतो : 'सगळं ठीक'. सकाळी चहाच्या वेळी ती ओळ आली नाही, की काहीतरी बिघडलंय. बिघाडाचा निरोप पाठवा असं सर्व्हरलाच सांगून उपयोग नाही, कारण बंद पडलेला सर्व्हर निरोप पाठवत नाही. सर्टिफिकेटचं विशेष लक्ष ठेवा. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो, पण कुठे अडलं तर आठवण करणारा ईमेल २०२५ च्या जूनपासून बंद झालाय.

अर्ध्या तासात मावेल एवढं काम

'दानाची व्यवस्था करणे' हे अर्ध्या तासाचं काम नाही. 'चारही कवड्या पालथ्या पडल्या तर ८ द्या' हे आहे. मी आधी १, २, ३, ४, ८ यांतला कुठलाही आकडा सारख्याच संधीनं काढत होतो, आणि डाव भलतेच वेगानं संपत होते. खरं म्हणजे चार कवड्या वेगवेगळ्या टाकाव्या लागतात. कवडी उताणी-पालथी सारखीच पडते असं धरलं, तर २ हे दान १६ पैकी ६ वेळा येतं. ४ आणि ८ फक्त एकेकदा. एका गुरुवारी हे दुरुस्त केलं. पुढच्या मंगळवारी दान मोबाइलवर न ठरवता सर्व्हरवर ठरवायला लागलो, म्हणजे कोणी फसवणार नाही.

शेवटची पाच मिनिटं कोड लिहू नका. झालं तेवढं गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) टाका आणि पुढचं पाऊल एका ओळीत वहीत लिहा. पाच दिवसांनी बसाल तेव्हा आठवण्यात वेळ जात नाही.

हंगाम बघून मोठी कामं

नवीन एलटीएस एप्रिलमध्ये आली म्हणून एप्रिलमध्येच उडी मारू नका. जुनीवरून नवीवर जायचा रस्ताही साधारण ऑगस्टमध्ये, तिची पहिली सुधारित आवृत्ती आली की खुला होतो. मी हे काम जानेवारीवर ठेवतो. तेव्हा रब्बीच्या पेरण्या आटोपलेल्या असतात. मेच्या शेवटच्या रविवारी बॅकअप लॅपटॉपवर लावून एक पूर्ण डाव खेळून बघतो, डिस्क किती भरली ते पाहतो, आणि मग कोडला हात लावत नाही. यंदा वहीत शेवटची ओळ आहे : 'सोंगटी मारली की जादा दान.' पोळा झाला की तिथून पुढे.