सुट्टीत गर्दीच्या शहरात एका दिवसाची सहल? या चुका टाळा

किती वाजता उठायचं, कुठली गाडी पकडायची... बहुतेकांचं नियोजन सकाळपासून सुरू होतं आणि पहिली चूक तिथेच होते. दिवस संध्याकाळकडून मागे मोजत या. घरी किती वाजता पोचायचंय, त्यासाठी परतीची कुठली गाडी हवी, ती चुकली तर पुढची कधी, हे आधी कागदावर मांडा. शहरात माणसं सकाळभर थोडीथोडी येतात, परत मात्र सगळी एकदमच निघतात. त्यामुळे परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. शेवटच्या गाडीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

"एवढं आलोच आहोत तर तेही बघून घेऊ" या मोहात सगळा दिवस धावपळीत जातो. दोन ठिकाणं पुरेत. जिथे सगळ्यात जास्त गर्दी असते तिथे दार उघडायच्या आधी पोचा. बंद होण्याच्या वेळेपेक्षा शेवटच्या प्रवेशाची वेळ बघा, बऱ्याच संग्रहालयांत ती अर्धा-एक तास आधीची असते. साप्ताहिक सुट्टीही तपासा.

रांग लांबलचक दिसली तर अंदाज बांधत बसू नका, मोजा. 5 मिनिटांत किती जण आत गेले? 20 गेले आणि तुमच्यापुढे 200 उभे असतील, तर 50 मिनिटं लागणार. थांबायचं की पुढचं ठिकाण गाठायचं, हे मग लगेच ठरतं.

स्वतःची गाडी शहराच्या मध्यात नेऊ नका. अलीकडच्या एखाद्या स्टेशनवर लावून पुढे रेल्वेने किंवा बसने जा.

एकाच टॉवरवर हजारो फोन आले की नेट अडकतं आणि नेटवर्क शोधता शोधता बॅटरीही उतरते. तिकिटांचे स्क्रीनशॉट आणि ऑफलाइन नकाशा घरूनच घेऊन निघा. नेट बंद पडलं तरी साधा एसएमएस पुष्कळदा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा स्टेशनच्या जिन्यावर माझ्या सहा वर्षांच्या पुतणीचा हात सुटला. फोन लागेना. सापडली तेव्हा ती जिन्याखालच्या खांबाला पाठ लावून उभी होती, फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरून. "चुकलीस तर जिथे आहेस तिथेच थांबायचं" हे तिला सकाळी सांगितलं होतं, तेवढं तिने लक्षात ठेवलं.

तेव्हापासून निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढतो आणि मनगटावर पेनाने फोन नंबर लिहितो. भेटण्याची जागा प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवतो, मोठ्यांसाठीसुद्धा. "गेटपाशी भेटू" एवढ्याने भागत नाही, कारण गेटं चार असतात. "तिकीट खिडकीसमोरच्या घड्याळाखाली" असं नेमकं सांगा.

आणि मूल दिसेनासं झालंच, तर सगळेच शोधायला पांगू नका. चुकामूक झाली तिथे एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने लगेच जवळच्या पोलिसाला किंवा सुरक्षारक्षकाला गाठून सकाळचा फोटो दाखवायचा. "आधी आपणच शोधू" म्हणत दहा मिनिटं घालवू नका.