कपाशीवरच्या किडींचे फोटो: छोट्या मॅक्रो लेन्सबाबत या चुका टाळा

कॅननची ५० मिमी एफ/२.५ कॉम्पॅक्ट मॅक्रो ही अगदी जवळून फोटो काढायची १९८७ची लेन्स आता जुन्या बाजारातच मिळते. वजन फक्त २८० ग्रॅम, त्यामुळे दिवसभर वावरात गळ्यात असली तरी मान दुखत नाही. फोटोही अगदी कातीव येतो. किडींचे फोटो कृषी सहायकाला पाठवणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना मी हीच सांगतो.

सगळ्यात मोठी चूक लेन्स विकत घेतानाच होते. नावात मॅक्रो आहे म्हणजे कीड जेवढी तेवढीच सेन्सरवर उतरेल, असं वाटतं. ही लेन्स निम्म्या आकारापर्यंतच जाते. पूर्ण आकाराला कन्व्हर्टर, म्हणजे वेगळा जोडभाग लागतो. हिशेब करून बघा. क्रॉप (म्हणजे आकाराने लहान) सेन्सरच्या साध्या कॅमेऱ्यात अगदी जवळून साधारण ४५ मिमी रुंदीची जागा मावते. पानातला रस शोषणारा तुडतुडा जेमतेम ३ मिमीचा, म्हणजे रुंदीचा पंधरावा हिस्सा. शेजारच्या वावरातल्या काकांना मी असा फोटो दाखवला, तर म्हणाले, "भाऊ, याच्यात कीड कुठी दिसून राह्यली?" त्याच कॅमेऱ्यात फोडलेल्या बोंडातली १२ मिमीची गुलाबी अळी फ्रेमची पाव रुंदी व्यापते, अंगावरचे गुलाबी पट्टे वेगळे दिसतात. अळी, डोमकळी (अळीमुळे न उमललेलं फूल), बोंडावरचं छिद्र, तुडतुड्यांनी लाल पडलेल्या पानांच्या कडा, यासाठी ही लेन्स उत्तम. मावा-फुलकिड्यांसाठी घेऊ नका.

फोटोत सावली पडते? ही लेन्स जास्तीत जास्त जवळ २३ सेंमीवर फोकस होते, पण हे अंतर सेन्सरपासूनचं आहे. लेन्सचं तोंड बाहेर आल्यावर पुढे १० सेंमीच्या आसपास जागा उरते. सूर्य पाठीशी घेतला की आपलीच सावली पानावर, आणि तुडतुडा तिरपा चालत पानाआड. उन्हाकडे कूस करा, दुसऱ्या बाजूने वहीचं पांढरं पान धरा.

अळीचं डोकं स्पष्ट आणि शेपूट धूसर येत असेल, तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२.५ वर, म्हणजे पूर्ण उघडं आहे. एवढ्या जवळून तिथे एक मिलिमीटरही धारदार येत नाही. एफ/८ वर साधारण २ मिमी मिळतात. एफ/१६च्या पुढे मात्र सगळाच फोटो मऊ पडतो. लेन्समध्ये स्थिरीकरण नाही आणि कपाशी वाऱ्यावर डोलतच असते, म्हणून आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची सेटिंग) वाढवा, पण शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली आणू नका.

ऑटोफोकस घरघरत मागेपुढे करत राहिला तर त्याच्याशी झगडू नका. आधी लेन्सवरचा स्विच एमएफवर (हाताने फोकस) न्या, मगच रिंग फिरवा. अंतर ठरवून ठेवा आणि कॅमेराच इंचभर पुढेमागे झुलवत फोटो घ्या.

फुफाट्यात लेन्सची बाहेर आलेली नळी आत घेण्याआधी मऊ ब्रशने झटका, नाहीतर धूळ सोबतच आत जाते. आणि जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून काचेत बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त देत असले तरी घेऊ नका.